दाण्याचा कूट

परवा संध्याकाळी पोळ्या लाटत होते, तेवढ्यात पुण्याहून भाचीचा फोन आला. तिच्याकडे तेव्हा रात्रीचे साडेबारा वाजले असणार. एवढ्या उशिरा फोन म्हटल्यावर पोटात गोळाच आला. पण तसं काही नव्हतं. तिचं बाळ आता साडेपाच महिन्यांचं आहे. त्याच्या गालांवर, कोपरांच्या आणि गुडघ्यांच्या खोबणीत एक्झिमा आहे, रात्री खाजवून खाजवून रडतं. त्यामुळे ती जागीच होती.

"मामी, एक विचारू? बाळाला दाणे द्यायचे की नाही? कुणी म्हणतं तीन वर्षांपर्यंत नावही काढू नकोस, कुणी म्हणतं आत्ताच दे. आजी म्हणाली, तुझ्या मामीला विचार, तिला त्यातलं सगळं कळतं."

आजी म्हणजे माझ्या सासूबाई. वय वर्षं चौऱ्याऐंशी, हल्ली नणंदेकडे पुण्यात असतात. त्यांनी मला विचारायला सांगितलं, हे ऐकून तव्यावरची पोळी करपली. विनोद नाही, खरंच करपली. का, ते सांगायचं तर बरंच मागे जावं लागेल. घरातल्या बहुतेकांना यातला काही भाग माहीत आहे. सगळा कुणालाच माहीत नाही.

आमची थोरली २००१ साली सांगलीत जन्मली. सासूबाईंच्या हाताखाली वाढली, म्हणजे सहाव्या महिन्यापासून मऊ भात, वरणाचं पाणी, आणि त्यात बोटाच्या चिमटीने दाण्याचा कूट. आमच्याकडे कूट कशात नसतो? पालेभाजीत, कोशिंबिरीत, भरल्या वांग्यात, साबुदाण्याच्या खिचडीत. एकादशीला तर दाण्याची आमटीच. मराठीत नुसतं "दाणे" म्हटलं तरी ते कसले, हे कुणी विचारत नाही. पुढे हॉटेलातल्या वेटरला समजावताना मात्र या शब्दाने मला फार छळलं. असो.

धाकटा ऑक्टोबर २००५ मधला, लंडनचा. तिसऱ्या महिन्यात त्याचे गाल लाल झाले, मग सगळं अंग. एक्झिमा. रात्री त्याच्या हातांना सुती मोजे घालून झोपवायचो. तिथल्या नर्सबाईंनी घरी येऊन विचारलं, घरात कुणाला दमा, अ‍ॅलर्जी? नवऱ्याला लहानपणी दमा होता. मग त्यांनी पत्रक दिलं: अशा घरातल्या मुलांना तीन वर्षांची होईपर्यंत शेंगदाणे देऊ नयेत. हा ब्रिटनमधला १९९८ पासूनचा सरकारी सल्ला होता. २००० साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनेही अ‍ॅलर्जीचा धोका असलेल्या मुलांसाठी तेच सांगितलं होतं. कुणी एका बाईने मनाने काढलेली गोष्ट नव्हती ती. मी ते पत्रक फ्रिजवर चिकटवलं.

२००६ च्या वसंतात सासूबाई सहा महिन्यांच्या व्हिसावर आल्या. एक दिवस मी आंघोळ करून बाहेर येते तो त्या मांडी घालून बसलेल्या, धाकटा मांडीवर, समोर वाटीत भात, आणि भातावर कूट. चमचा त्याच्या तोंडापाशी पोचलेला. मी धावत जाऊन वाटी हिसकावून घेतली. "आई, तुम्हाला एकदा सांगितलेलं कळत नाही का?" असं म्हणाले. याच शब्दांत. त्या आधी कधीच त्यांच्याशी असं बोलले नव्हते. त्या काही बोलल्या नाहीत. उठल्या, दुसरा भात घेतला, त्यात तूप-मीठ कालवलं आणि तो त्याला भरवला. त्यानंतर त्या परत जाईपर्यंत बाळाचं जेवण मीच करत होते.

मग आली २००९ ची संक्रांत. धाकटा सव्वातीन वर्षांचा. म्हणजे मुदत संपली होती! संक्रांतीनंतरच्या शनिवारी घरी हळदीकुंकू होतं, मी तिळगुळाच्या वड्या केल्या होत्या, अर्थात कूट घालून. त्याने एक वडी मागितली, मी अर्धी दिली. दोन-तीन मिनिटांत तो ओठ खाजवायला लागला. मग अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले, उलटी झाली. उलटी झाल्यावर बरं वाटेल असं एक मावशी म्हणाल्या, पण त्याचा आवाज घोगरा झाला आणि तो खोकायला लागला. नवऱ्याने ९९९ ला फोन केला. रुग्णवाहिकेतल्या माणसाने आल्या आल्या मांडीत अ‍ॅड्रेनलिनचं इंजेक्शन दिलं. पाच-सात मिनिटांत मुलाचा रंग परत आला. वाचायला पाच-सात मिनिटं थोडी वाटतात. घरात काठापदराच्या साड्या नेसलेल्या दहा बायका आणि एकीच्याही तोंडून शब्द नाही.

नंतर दंडावर थेंब टाकून सुईने टोचायची ती चाचणी झाली. तिळाचा थेंब शांत. शेंगदाण्याच्या थेंबाखाली ११ मिलिमीटरची गांध. आठच्या वर गेली की बहुतेक वेळा ती खरीच अ‍ॅलर्जी असते, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. घरी येताना दोन अ‍ॅड्रेनलिन पेनं मिळाली. तेव्हापासून ती जोडी कधी आमच्यापासून दूर झालेली नाही.

आणि त्याच वर्षी, ऑगस्ट २००९ मध्ये, ब्रिटनमध्ये तो तीन वर्षांचा सल्ला मागे घेतला गेला. अमेरिकेने २००८ मध्येच घेतला होता. टाळल्याने फायदा होतो असा पुरावा नाही, असं कारण दिलं होतं. लक्षात घ्या, "द्या" असं तेव्हा कुणी म्हटलं नव्हतं. फक्त "टाळा" काढून टाकलं. मी फ्रिजवरचं पत्रक काढलं, त्याच्या जागी इमर्जन्सीचा कागद लावला आणि कामाला लागले. विचार करायला सवड नव्हती.

सवड मिळाली फेब्रुवारी २०१५ मध्ये. शाळेत गणिताच्या वह्या तपासून घरी आले (मी शिकवते गणित, डॉक्टर नाही, हे आधीच सांगते), बातम्या लावल्या, आणि पडद्यावर शेंगदाणे. लंडनच्याच किंग्ज कॉलेजमधले प्राध्यापक गिडिऑन लॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास त्या दिवशी न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आला होता. रात्री मी तो मूळ लेख उतरवून घेतला आणि पहाटेपर्यंत वाचला. आकडे तरी मला कळतात.

त्याची सुरुवात फार गमतीची आहे. लॅक एकदा तेल अवीवमध्ये व्याख्यान द्यायला गेले होते. समोर दोनेकशे डॉक्टर. त्यांनी विचारलं, गेल्या वर्षभरात शेंगदाण्याच्या अ‍ॅलर्जीचा रुग्ण कुणी पाहिला? दोन-तीनच हात वर झाले. लंडनमध्ये जवळजवळ सगळ्यांनीच हात वर केले असते. मग त्यांनी लंडनमधली ज्यू मुलं आणि इस्रायलमधली ज्यू मुलं यांची तुलना केली, म्हणजे वंश साधारण तोच, देश वेगळा. दोन्हीकडची पाच-पाच हजारांवर मुलं. २००८ साली छापून आलेले आकडे: ब्रिटनमध्ये १.८५ टक्के मुलांना शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी, इस्रायलमध्ये ०.१७ टक्के. दहापटींहून जास्त फरक! आणि खाणं? आठ ते चौदा महिन्यांचं इस्रायली बाळ महिन्याला साधारण ७ ग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन खात होतं, ब्रिटनमधलं शून्य. तिकडे बांबा नावाचा, आपल्या कुरमुऱ्यासारखा फुगलेला, शेंगदाण्याचा खाऊ मिळतो. दात यायच्या आधीपासून मुलं तो चघळत असतात.

पण नुसत्या तुलनेवरून काही सिद्ध होत नाही. तिकडचं ऊन वेगळं, धूळ वेगळी, बाकीचं जेवण वेगळं. म्हणून खरा प्रयोग: चार ते अकरा महिन्यांची ६४० बाळं, सगळी धोक्यातली, म्हणजे तीव्र एक्झिमा किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी किंवा दोन्ही असलेली. चिठ्ठ्या टाकून दोन गट. एका गटाने पाच वर्षांचं होईपर्यंत आठवड्याला किमान ६ ग्रॅम शेंगदाण्याचं प्रथिन खायचं, तीन किंवा जास्त वेळा विभागून. दुसऱ्याने अजिबात खायचं नाही. पाचव्या वर्षी सगळ्यांना दाणे खायला देऊन पाहिलं. सुरुवातीला टोचणीची चाचणी कोरी असलेल्या मुलांत, टाळणाऱ्यांपैकी १३.७ टक्क्यांना अ‍ॅलर्जी आणि खाणाऱ्यांपैकी १.९ टक्क्यांना. ज्यांची चाचणी आधीच थोडी उमटली होती त्यांच्यात ३५.३ आणि १०.६. औषध नाही, शस्त्रक्रिया नाही. दाणे खाल्ले, एवढंच.

तीव्र एक्झिमा असलेलं, चार ते अकरा महिन्यांचं, लंडनमधलं बाळ. माझ्याकडे होतं ना असं एक. आणि त्याच्या तोंडापाशी चमचा घेऊन बसलेली एक बाईही होती.

इथपर्यंत कदाचित तुम्ही कुठेतरी वाचलंही असेल. मला झोपू दिलं नाही ते पुढच्या गोष्टीने. जे मूल शेंगदाणा कधी खातच नाही, त्याला त्याची अ‍ॅलर्जी होते कुठून? शरीराला आधी ओळख तर व्हायला हवी. लॅक यांचाच २००३ मधला एक अभ्यास होता. ब्रिटनमधल्या चौदा हजारांच्या आसपास मुलांमध्ये त्यांनी पाहिलं की शेंगदाण्याच्या तेलाची मलमं पुरळ आलेल्या कातडीला ज्यांना लावली गेली, त्यांच्यात ही अ‍ॅलर्जी जास्त. आईने गरोदरपणी दाणे खाल्ले की नाही, याचा संबंध सापडला नाही. २००६ मध्ये डंडी विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं की फिलॅग्रिन नावाच्या, कातडीचा बांध घट्ट ठेवणाऱ्या प्रथिनाच्या जनुकात खोट असली की एक्झिमाचा धोका वाढतो. बांध फुटका, म्हणजे बाहेरचं काहीही आत झिरपणार. त्यातून जो विचार पुढे आला तो थोडक्यात असा: अन्न पहिल्यांदा तोंडातून पोटात गेलं तर शरीर त्याला आपलं म्हणतं. तेच अन्न पहिल्यांदा फुटक्या, सुजलेल्या कातडीतून आत शिरलं तर शरीर त्याला चोर समजतं. दोन्हीपैकी कोणतं आधी, यावर पुष्कळ अवलंबून.

नंतर किंग्ज कॉलेजमधल्याच हेलन ब्रॉ यांनी घरातली धूळ तपासली. दाणे खाल्ल्यावर त्यांचं प्रथिन हातावर आणि लाळेत तीन तासांनंतरही सापडतं. घरातल्या गाद्या-उशांवर, सोफ्यावर राहतं. आणि ज्या मुलांत फिलॅग्रिनची खोट आहे, त्यांच्या घरच्या धुळीत बाळपणी शेंगदाण्याचं प्रथिन जितकं जास्त, तितका अ‍ॅलर्जीचा धोका जास्त.

आता माझं घर डोळ्यांसमोर आणा. २००६ सालचं, दोन खोल्यांचं. दर रविवारी मी किलोभर दाणे भाजून, सालं फुंकून, मिक्सरमधून आठवड्याचा कूट काढत असे. पाच वर्षांची थोरली सोफ्यावर बसून गूळ-दाणे खाई आणि तशाच तोंडाने भावाच्या गालाचे पापे घेई. मी कोशिंबिरीत कूट कालवे आणि बाळ रडलं की हात नुसता पाण्याखाली धरून, पुसून, त्याच हाताने त्याच्या सोललेल्या गालांना मलम चोळी. दिवसातून चार वेळा. त्या घरात शेंगदाणा नव्हता तो फक्त एकाच ठिकाणी: त्याच्या तोंडात. तेवढी एक जागा मी डोळ्यांत तेल घालून राखली होती.

एकाच बाळावरून काही सिद्ध होत नाही, हे मी मुलांना रोज शिकवते. खाणाऱ्या गटातही काहींना अ‍ॅलर्जी झालीच. साडेसहा महिन्यांचा असताना तो आधीच संवेदनशील झालेला असता, तर त्या चमच्यानेच रुग्णवाहिका बोलवावी लागली असती, हेही शक्य आहे. चाचणीत चार मिलिमीटरहून मोठी गांध आलेल्या बाळांना त्या अभ्यासात घेतलंच नव्हतं. हे सगळं मला कळतं. पहाटे चार वाजता मात्र कळत नाही.

भारतातले नातेवाईक यावर एकच वाक्य बोलतात: "आपल्याकडे असलं काही नसतं." ते अगदीच खोटं नाही, म्हणून जास्त राग येतो. २०२० मध्ये एक मोठी पाहणी प्रसिद्ध झाली, चीन, भारत आणि रशियातल्या शाळकरी मुलांची. आपल्याकडची मुलं कर्नाटकातली होती. संभाव्य अन्न-अ‍ॅलर्जीचं प्रमाण हाँगकाँगमध्ये १.५ टक्के, भारतात ०.१४. पण त्याच प्रकल्पातली प्रौढांची पाहणी त्याहून विचार करायला लावणारी आहे. २०१६ साली आली ती. २६.५ टक्के लोकांच्या रक्तात कुठल्या ना कुठल्या अन्नाविरुद्धचं आयजीई सापडलं, आणि खरी अ‍ॅलर्जी असावी असे फक्त १.२ टक्के. म्हणजे रक्ताची चाचणी पॉझिटिव्ह आलेल्या वीसातल्या एकोणीस जणांना तो पदार्थ खाऊन काहीही होत नाही! हल्ली एक्झिमा दिसला की पन्नास-शंभर पदार्थांचं पॅनेल करून घेतात आणि कागदावर जे जे लाल दिसेल ते बाळाचं बंद. भाचीनेही तेच करायचं ठरवलं होतं. बरं झालं आधी फोन केला.

आणि हो, सगळ्या शेंगदाण्यांची जातही सारखी नसते. जात म्हणजे शिजवायची. २००१ सालच्या एका अभ्यासात दिसलं की कोरड्या भाजलेल्या दाण्यातली प्रथिनं उकडलेल्या किंवा तळलेल्या दाण्यापेक्षा अ‍ॅलर्जीला जास्त चिथावतात. चीनमध्ये उकडून किंवा तळून खातात, अमेरिकेत भाजून. आपण? खरपूस भाजून. मग आपल्याकडे इतकी कमी का, याचं उत्तर मला यातून मिळत नाही. तेलाचंही तसंच. १९९७ मध्ये ब्रिटनमध्ये अ‍ॅलर्जी असलेल्या ६० जणांना शेंगदाण्याचं तेल देऊन पाहिलं होतं. रिफाइंड तेलाने एकालाही त्रास नाही, कच्च्या तेलाने सहा जणांना झाला. पुण्यात सध्या जो तो लाकडी घाण्याचं तेल आणतोय. आम्ही जातो तेव्हा मला प्रत्येक घरी आधी डबा बघावा लागतो आणि "एवढं शुद्ध तेल आणि हिला चालत नाही" असा चेहराही बघावा लागतो.

विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगते, मला फार आवडते. २०१० साली आम्ही आइल ऑफ वाइट बेटावर सुट्टीला गेलो होतो. नंतर कळलं की व्हेंटनॉर या तिथल्या गावात कार्ल प्राउसनिट्झ नावाच्या डॉक्टरांनी पुष्कळ वर्षं साधी गावातली प्रॅक्टिस केली. ते मूळ ब्रेस्लाऊचे. त्यांचे सहकारी क्यूस्टनर यांना शिजवलेला मासा चालत नसे. १९२१ साली प्राउसनिट्झनी क्यूस्टनरच्या रक्ताचा द्रव स्वतःच्या कातडीत टोचून घेतला आणि दुसऱ्या दिवशी त्याच जागी माशाचा अर्क टोचला. त्यांना स्वतःला माशाचा काही त्रास नव्हता, तरी गांध उठली. म्हणजे दोष रक्तातल्या कशात तरी आहे. ते "काहीतरी" म्हणजे आयजीई, हे कळायला १९६६-६७ उजाडलं. नाझी राजवटीत जर्मनी सोडावं लागलेला हा माणूस जिथे येऊन राहिला, त्याच बेटावर पुढे १९८९ मध्ये जन्मलेल्या मुलांचा अ‍ॅलर्जीसाठी पाठपुरावा सुरू झाला. १९८९ च्या मुलांत शेंगदाण्याची चाचणी १.१ टक्क्यांत पॉझिटिव्ह होती, १९९४ ते ९६ मध्ये जन्मलेल्यांत ३.३. ब्रिटनला काळजी वाटायला लागली ती अशाच आकड्यांनी. आम्ही त्या बेटावर वाळूचे किल्ले केले, आणि आइस्क्रीमच्या गाडीपाशी "यात नट्स आहेत का" हे नेहमीप्रमाणे तीन वेळा विचारलं.

धाकटा आता वीस वर्षांचा आहे, युनिव्हर्सिटीत असतो. सोळाव्या वर्षी, २०२२ मध्ये, इथल्या सरकारी दवाखान्यांत शेंगदाण्याच्या पुडीचा उपचार मान्य झाला. अर्ध्या मिलिग्रॅमपासून चढवत चढवत ३०० मिलिग्रॅम प्रथिन, म्हणजे साधारण एक दाणा, रोज खायचा. बरं व्हायचं म्हणून नव्हे. चुकून एखादा दाणा पोटात गेला तर जीव वाचावा म्हणून. मूळ प्रयोगात दोन-तृतीयांश मुलं शेवटी ६०० मिलिग्रॅम पचवू शकली, खोटी पुडी घेणाऱ्यांत चार टक्के. मी सगळे कागद छापून त्याच्यापुढे ठेवले. तो म्हणाला, "मम्मा, मला त्याचा वाससुद्धा सहन होत नाही. आणि मी ते रोज खाऊ? नको." मी दोन दिवस त्याच्या मागे लागले. मग त्याने विचारलं, "हे माझ्यासाठी आहे की तुझ्यासाठी?" त्यानंतर मी तो विषय काढला नाही. २०२४ मध्ये अमेरिकेत ओमालिझुमॅब या दम्याच्या इंजेक्शनाला अन्न-अ‍ॅलर्जीसाठी परवानगी मिळाली, ते मात्र त्याने स्वतःच मला पाठवलं, खाली "बघू" एवढंच लिहून.

त्याच वर्षी त्या ६४० बाळांची पुढची बातमीही आली. त्या पाहणीच्या वेळी ती बाळं बारा-तेरा वर्षांची झाली होती. पाच वर्षांनंतर त्यांनी दाणे खाल्ले की नाही हे ज्याचं त्याच्यावर सोडलं होतं. तरीही फरक टिकला: टाळणाऱ्या गटात १५.४ टक्के, खाणाऱ्या गटात ४.४. आणि २०२५ मध्ये अमेरिकेतल्या दवाखान्यांच्या नोंदींवरून दिसलं की २०१७ मधल्या "लवकर द्या" या सूचनांनंतर लहान मुलांतल्या शेंगदाणा-अ‍ॅलर्जीच्या निदानात ४३ टक्के घट झाली. धाकट्याला हे दाखवलं, तर तो म्हणाला, "छान. म्हणजे माझी बॅच शेवटची."

तर, भाचीचा फोन. करपलेली पोळी बाजूला ठेवून मी गॅस बंद केला आणि तिला सांगितलं ते असं. आधी एक्झिमा नीट आटोक्यात आण, मलमाला कंटाळू नकोस, आणि मलम लावायच्या आधी दर वेळी साबणाने हात धू. पॅनेल करू नकोस. मुलांच्या डॉक्टरांना कातडी दाखव. २०१७ च्या सूचनांप्रमाणे, एक्झिमा तीव्र असेल किंवा अंड्याची अ‍ॅलर्जी असेल तर आधी फक्त शेंगदाण्याची चाचणी आणि मग त्यांच्या देखरेखीखाली. सौम्य किंवा मध्यम असेल तर सहाव्या महिन्याच्या सुमारास घरीच चालतं. अख्खा दाणा कधीच नाही, तो श्वासनलिकेत अडकतो. कोरडा कूटही नको. बारीक वाटून, पातळ करून.

"आणि मामी, तुमच्या वेळी..." असं म्हणून ती थांबली. तिला अर्धवट माहीत होतं. मी म्हटलं, झोप आता, उद्या बोलू.

डॉक्टरांनी एक्झिमा मध्यम आहे, घरी द्यायला हरकत नाही, असं सांगितलं. मागच्या रविवारी बाळाला सहा महिने पूर्ण झाले. सकाळची वेळ, बाळ खेळीमेळीत, दवाखाना दहा मिनिटांवर. मी इकडे पहाटे साडेपाचला उठून व्हिडिओ कॉलवर. पडद्यावर भाची, नणंद, आणि मध्ये खुर्चीवर सासूबाई, मांडीवर पणतू. हल्ली मांडी घालून बसता येत नाही त्यांना. चमचा त्यांच्याच हातात होता.

"किती देऊ गं?" त्यांनी मला विचारलं.

"चमच्याच्या टोकावर मावेल एवढंच, आई. मग दहा मिनिटं थांबायचं. काही झालं नाही तर बाकीचं, हळूहळू."

त्यांनी दिलं. बाळाने तोंड वाकडं केलं, जीभ बाहेर काढली, मग ओठ चाटले. सगळे त्याच्या तोंडाकडे बघत बसले. आणि ती दहा मिनिटं काही केल्या सरेनात म्हणून असेल, किंवा समोरासमोर नव्हतो म्हणून असेल, मी म्हणाले, "आई, त्या वेळी मी तुमच्या हातातून वाटी ओढून घेतली होती."

त्यांना लगेच कळलं कुठली वाटी. वीस वर्षांत आम्ही दोघींनी तिचं नाव काढलं नव्हतं.

"अगं, तू डॉक्टरांनी सांगितलं तसं केलंस," त्या म्हणाल्या. "आणि मी तरी काय, माझ्या सासूने दिलं म्हणून मी देत होते. मला कुठे कारण माहीत होतं? उद्या तिकडून उलटं सांगितलं असतं तर माझंच चुकलं असतं." मग जरा थांबून म्हणाल्या, "बोलली होतीस मात्र फार."

"हो."

"बरं, ते जाऊ दे. घड्याळ बघ. झाली का दहा मिनिटं?"

सातच झाली होती. बाळाने चमच्याकडे हात पुढे केला होता.